विरोधात बसण्याची ऐपत

पालिकेची निवडणूक लागली की घरोघर येणाऱ्या पत्रकांवर उमेदवाराच्या फोटोखाली आता एक ओळख सर्रास छापलेली असते: 'यशस्वी उद्योजक'. पूर्वी त्या जागी वकील, शिक्षक, कामगार पुढारी, तालमीचा वस्ताद असे काही असायचे. या बदलामागे मतदाराला दिलेली दोन आश्वासने आहेत. एक, ज्याने धंदा उभा केला त्याला शहरही चालवता येईल. दुसरे, ज्याचे पोट आधीच भरलेले आहे तो पालिकेत खायला येणार नाही. दुसऱ्या आश्वासनावर तर लोक मनापासून विश्वास ठेवतात. मला दोन्ही अपुरी वाटतात. उद्योजकाने पालिकेच्या राजकारणात येऊ नये असे माझे म्हणणे नाही. त्याने जरूर यावे. पण त्याला निवडताना त्याची संपत्ती किती, यापेक्षा वेगळाच प्रश्न विचारायला हवा. पाच वर्षे विरोधी बाकावर बसायची वेळ आली, तर या माणसाचा धंदा चालू राहील का?

नाना शंकरशेटांचे चरित्र वाचताना हा प्रश्न पिच्छा सोडत नाही. मुंबईत त्यांच्या नावाचा चौक आहे, एशियाटिक सोसायटीत त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचे नाव देण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरीही दिली. 'मुंबईचे शिल्पकार' हे बिरुद आपण त्यांना सहज लावतो. मात्र त्यांच्या सार्वजनिक आयुष्याला बळ कुठून मिळाले, याचा विचार आपण फारसा करत नाही.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, मुरबाडचा. घराणे सराफी-व्यापारातले, पैसेवाले. १८२२ मध्ये वडील गेले तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते आणि सगळा कारभार त्यांच्या अंगावर आला. पेढीची पत अशी की अरब, अफगाण व्यापारी बँकेपेक्षा त्यांच्याकडे ठेव ठेवणे पसंत करत, असे सांगितले जाते. म्हणजे नानांचा पैसा दूरवरच्या व्यापारातून, पेढीवरच्या विश्वासातून आणि घरच्या मिळकतीतून येत होता. गव्हर्नरच्या एखाद्या सहीने तो दुप्पट होणार नव्हता आणि सही अडली म्हणून बुडणारही नव्हता. त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाचा पाया मला इथे दिसतो.

गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईत जी शाळा-पुस्तकांची मंडळी उभी राहिली, तिच्यात नाना तरुणपणीच होते. १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले, त्यातही ते होते. या बोर्डावर पुढे एक मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे मुंबईतल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे आणि पैसाही तिकडेच वळवावा, असा त्यांचा आग्रह. नाना, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही हिंदी, म्हणजे भारतीय, सभासद आणि कर्नल जर्व्हिस दुसऱ्या बाजूला. सामान्य मुलांपर्यंत ज्ञान पोचायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोचेल, असे त्यांचे म्हणणे. ज्याची ऊठबस गव्हर्नरच्या बंगल्यावर, ज्याला साहेबांच्या मर्जीचा मान-मरातब मिळत होता, असा एक शेठ थेट न्यायाधीशाच्या विरोधात मत नोंदवतो. नानांनी शाळांना देणग्या दिल्या, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या मुलींच्या शाळेला गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली, हे सगळे मोलाचे आहेच. तरी मला हा नोंदवलेला विरोध देणग्यांपेक्षा मोठा वाटतो. देणगी द्यायला पैसा पुरतो. बोर्डावर बसून अध्यक्षाशी वाद घालायचा तर अध्यक्षाकडून आपल्याला काही नको असावे लागते.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. इलाख्यातली ती पहिली राजकीय संस्था, आणि नाना तिच्या अग्रभागी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर आले होते. कारभारातले दोष दाखवणारा आणि हिंदी लोकांना त्यात वाटा मागणारा अर्ज या संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे धाडला. तोवर मुंबईचे शेठ लोक सरकारकडे अर्ज करत ते जकातीचे, गोदीचे, जागेचे. सबंध राज्यकारभाराबद्दल तक्रार करायची, ही गोष्टच नवी होती. १८५७ च्या उठावात नानांवर संशय घेतला गेला, चौकशी झाली, त्यातून ते निर्दोष ठरले. त्यानंतरही १८६१ च्या कायद्याने निर्माण झालेल्या मुंबईच्या कायदेमंडळात त्यांची नेमणूक झाली. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवण्याचा बेत निघाला, तेव्हा गिरगावातल्या गोरगरिबांनी प्रेत घेऊन इतक्या लांब कसे जायचे, हा प्रश्न धरून ठेवणारेही तेच. संशयाच्या फेऱ्यातून बाहेर आलेला माणूस सहसा गप्प राहायला शिकतो. नाना शिकले नाहीत.

आता दुसरी बाजू. नाना ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या उभारणीत जमशेटजी जीजीभॉयांच्या बरोबरीने होते, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली याचे श्रेय आपण त्यांना अभिमानाने देतो. पण या रेल्वे कंपन्यांना सरकारने भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या पैशातून भरायचा. पुढच्या पिढीतल्या राष्ट्रीय अर्थचिंतकांनी या हमीवर सडकून टीका केली आणि ती रास्तच होती. म्हणजे ज्या एका कामात नानांचे उद्योजकपण सरकारी तिजोरीशी जोडले गेले, तिथेच प्रश्न उभा राहतो. याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. मात्र हितसंबंधाचा प्रश्न चारित्र्याच्या दाखल्याने सुटत नाही, हे त्यातून दिसते. सर्वांत सचोटीच्या माणसालाही तो लागू होतो. म्हणून त्याला नियम लागतो.

शेठांच्या त्या मुंबईचे गोडवे गाताना आणखी एक गोष्ट विसरू नये. तेव्हाची पालिका निवडून दिलेली नव्हती. १८६५ च्या कायद्याने कारभार एका कमिशनरच्या हाती आला आणि देखरेख जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित मंडळींकडे. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी गटारे, रस्ते, मंडया यांवर झपाट्याने खर्च केला. १८७१ मध्ये करदात्यांनी त्याविरुद्ध मोठी चळवळ केली, आणि तिच्यातून १८७२ चा कायदा आला: चौसष्ट सभासद, त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले. मुंबईच्या नागरी लोकशाहीची ही सुरुवात खरीच. पण त्या चळवळीत घरमालक आणि व्यापाऱ्यांना आपली घरपट्टी कमी व्हावी हेही हवे होते. चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला मत नव्हते, आणि गटार नसल्याचा त्रास मात्र त्यालाच सर्वांत जास्त होता. पैसेवाला प्रतिनिधी खाणार नाही असे धरून चालले, तरी तो कोणासाठी खर्च करील हा प्रश्न उरतोच.

अहमदाबादचे रणछोडलाल छोटालाल याबाबत मला फार महत्त्वाचे वाटतात. महाराष्ट्रात त्यांचे नाव कमी घेतले जाते. १८६१ मध्ये अहमदाबादची पहिली कापड गिरणी त्यांनी चालू केली. पुढे ते तिथल्या पालिकेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. जुन्या शहराच्या पोळांमधून, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांमधून, सांडपाणी उघड्यावर वाहत असे आणि लोक विहिरी-टाक्यांचे पाणी पीत. नळाचे पाणी आणि भुयारी गटार आणायचेच, असा रणछोडलालांनी हट्ट धरला. विरोध झाला तो शहरातूनच. कर वाढणार म्हणून झाला, नळाचे पाणी शास्त्राला चालेल का म्हणून झाला, साहेबांची खुळे म्हणूनही झाला. तरी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी आले आणि गटाराचे कामही पुढे सरकले. इथे त्यांचा धंद्यातला अनुभव नक्कीच उपयोगी पडला. यंत्र आणायचे, अभियंत्याशी बोलायचे, कर्ज किती वर्षांत फिटेल ते मांडायचे, हे त्यांनी गिरणीत केलेले होते. आणि त्यांच्या गिरणीचे कापड पालिका विकत घेत नव्हती. लोकांचा रोष पत्करायला ते मोकळे होते.

उद्योजकाच्या बाजूने जे बोलायचे ते मी इथेच बोलतो, कारण ते खरे आहे. ज्याने स्वतः पगार केले आहेत, उधारी वसूल केली आहे, बँकेत तारण ठेवले आहे, त्याला पालिकेचे अंदाजपत्रक वाचता येते. जमेच्या बाजूला फुगवलेला आकडा त्याला चटकन दिसतो. निविदेतल्या पात्रतेच्या अटी एखाद्याच ठेकेदाराच्या मापाने बेतलेल्या आहेत, हे तो दोन मिनिटांत ओळखतो. काम रखडवून मुदतवाढ घ्यायची आणि मग वाढीव दर मागायचा, ही चाल त्याला माहीत असते, कारण ती त्याच्यावरही कोणी तरी खेळलेला असतो. सभागृहात अशी माणसे नसली तर प्रशासन आणि ठेकेदार मिळून बाकीच्यांना हातोहात फसवतात. हे ज्ञान शहराला हवेच आहे.

मात्र 'शहर कंपनीसारखे चालवू' ही घोषणा मला धोक्याची वाटते. कंपनी आपले गिऱ्हाईक निवडते. परवडत नाही तो माल बंद करते, तोट्यातली शाखा उठवते, आणि तसे करणे हे तिचे कर्तव्यच असते. पालिकेला गल्ली निवडता येत नाही. टेकडीवरच्या वस्तीला पाणी चढवायला जास्त वीज लागते म्हणून तिथले नळ बंद करता येत नाहीत. महापालिकेच्या मराठी शाळेत पट कमी झाला म्हणून उरलेल्या तीस मुलांना तोट्याचे खाते ठरवता येत नाही, निदान ठरवू नये. धंद्यातून आलेल्या ज्या पुढाऱ्यांनी शहरे खरोखर घडवली, त्यांना कोणत्या गोष्टीचा धंदा करायचा नाही हे कळले होते. बर्मिंगहॅमचा जोसेफ चेंबरलेन स्क्रू बनवणाऱ्या कारखान्याचा भागीदार. १८७३ मध्ये तो महापौर झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने कारखान्यातला आपला वाटा विकून टाकला. मग गॅस आणि पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपन्या त्याने शहराच्या मालकीच्या केल्या. गॅसचा नफा शहराच्या कामी लावायचा आणि पाण्यावर नफा काढायचाच नाही, असे त्याचे धोरण होते. हाच माणूस पुढे कट्टर साम्राज्यवादी मंत्री झाला, ते वेगळे आणि दुःखद प्रकरण आहे. मात्र महापौर असतानाचे त्याचे काम आणि विकलेला वाटा यांचा संबंध उघड आहे. आपल्या मुंबईतही ट्राम आणि वीज खासगी कंपनीकडे होती. १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने ती विकत घेतली, म्हणून 'बेस्ट' कितीतरी पिढ्यांना स्वस्तात कामावर पोचवू शकली.

आता आजच्या आपल्या शहरांकडे पाहू. पत्रकावरचा 'यशस्वी उद्योजक' बहुधा कशाचा उद्योग करतो? बांधकाम व्यवसाय, रस्ते-गटारांचे ठेके, पाण्याचे टँकर, कचरा वाहतूक, खडी-क्रशर, होर्डिंग, मंगल कार्यालय, खासगी शाळा, प्लॉटिंग. हे सगळे वैध धंदे आहेत आणि त्यांत प्रामाणिक माणसे आहेत. पण यांतल्या प्रत्येकाचा कच्चा माल पालिकेच्या कचेरीतून येतो. विकास आराखड्यातले आरक्षण उठले की जमिनीचा भाव बदलतो. चटईक्षेत्र वाढले की इमारतीला मजले चढतात. जलवाहिनी लांबली की टँकर चालतात. नानांच्या पेढीचे असे काही नव्हते, रणछोडलालांच्या गिरणीचेही नव्हते. 'त्याच्याकडे आधीच खूप आहे, तो कशाला खाईल?' हा युक्तिवाद इथे कोसळतो. आहे ते कुठून आले आणि टिकण्यासाठी कोणाची सही लागते, हे कळल्याशिवाय 'खूप आहे' याला काही अर्थ नाही.

निकालानंतर काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ज्याचा बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि थकलेले बिल पालिकेत आहे, तो विरोधात बसू शकत नाही. पक्षांतराला आळा घालणारा स्थानिक प्राधिकरण सदस्यांचा १९८६ चा कायदा आपल्याकडे आहे. तरीही गट स्थापन होतात, आघाड्या नोंदवल्या जातात, 'शहराच्या विकासासाठी' पाठिंब्याची पत्रे दिली जातात. आपण याला नगरसेवकाचा लोभ म्हणतो. मला त्यात बऱ्याचदा लोभापेक्षा भीती जास्त दिसते. त्याची सगळी पुंजी अर्धवट बांधलेल्या इमारतीत अडकलेली असते आणि ती सोडवणारी फाइल कोणाच्या तरी टेबलावर असते. असा माणूस व्यक्तिशः कितीही सज्जन असो, आयुक्तांना अडचणीचा प्रश्न तो विचारणार नाही. आणि सभागृहात प्रश्न विचारणारेच नसतील तर सभागृह असून उपयोग काय? मुंबईसह अनेक महापालिकांत मुदत संपल्यावर कित्येक वर्षे निवडणुकाच झाल्या नाहीत आणि प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात 'नगरसेवक नाहीत, तरी काय बिघडले?' असे लोक विचारू लागले होते. लोकशाहीसाठी याहून वाईट प्रश्न नाही, आणि तो लोकांच्या तोंडी आणण्याचा दोष निम्मा तरी गप्प बसणाऱ्या सभागृहांकडे जातो.

कायदा याबद्दल अगदीच मुका नाही. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा, बाकी महापालिकांचा १९४९ चा आणि नगरपरिषदांचा १९६५ चा, तिन्हींत पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस सदस्य म्हणून अपात्र ठरतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या कायदेकारांना धोका नीट कळला होता. पण त्याच जुन्या तरतुदींत काही सवलती आहेत. पालिकेशी करार करणाऱ्या कंपनीत नुसते भाग (शेअर) असणे, ही त्यांतली एक. ज्या काळात नोंदणीकृत कंपनी म्हणजे शेकडो भागधारकांचा मोठा कारभार असे, तेव्हा ती योग्य होती. आज नवरा-बायको मिळून कंपनी काढतात. शिवाय अपात्रतेचा सगळा भर ठेक्यावर आहे. ठेका मेहुण्याच्या नावावर, मशिनरी भाड्याने स्वतःची आणि नगरसेविका पत्नी, अशी वाटणी केली की 'अप्रत्यक्ष' सिद्ध करायला तक्रारदाराला वर्षानुवर्षे कोर्टाचे खेटे घालावे लागतात. तोवर मुदत संपते. आरक्षण बदलाच्या ठरावावर मत देणाऱ्याची त्याच गटाशेजारी किती एकर जमीन आहे, हे तर सभागृहात कोणी विचारतच नाही. उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रातून मालमत्तेचा आकडा कळतो, आणि तेही मोठे पाऊल होते. पण निवडून आल्यावर पुढच्या पाच वर्षांत कोणत्या विषयात त्याचा हात आहे, ते त्या शपथपत्रातून कळायचे कसे?

त्यासाठी हितसंबंधांची नोंदवही हवी, आणि ती सर्वांना पाहता यायला हवी. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकलिझम कायद्याने प्रत्येक नगरसेवकाला स्वतःचे आणि जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध जाहीर करावे लागतात: नोकरी-धंदा, परिषदेशी असलेले करार, हद्दीतली जमीन, कंपन्यांतले भाग. ही नोंद संकेतस्थळावर ठेवली जाते. हितसंबंध असलेल्या विषयावर चर्चेत भाग घेता येत नाही, मत देता येत नाही, आणि मुद्दाम लपवाछपवी केली तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. तिथले राजकारण यामुळे सोवळे झाले असे मी म्हणत नाही. पण तिथल्या पत्रकाराला आणि शेजाऱ्याला हातात धरायला एक कागद मिळतो.

आपल्याकडे हे कुठे बसवायचे? स्थायी समितीत. शहराचा पैसा खर्च करण्याचे खरे निर्णय तिथे होतात. महापौराला मान मोठा असला तरी अधिकार थोडे असतात. स्थायीच्या सभेत विषयपत्रिकेवर नसलेले 'ऐनवेळचे विषय' येतात आणि वाचून होण्याआधी मंजूर होतात. प्रत्येक विषय पुकारताना 'यात कोणा सदस्याचा वा त्याच्या कुटुंबीयांचा संबंध आहे का' असे विचारले जावे, ज्याचा आहे त्याने उठून बाहेर जावे, आणि त्याचे नाव इतिवृत्तात यावे. ऐनवेळचा विषय असेल तर तो पुढच्या सभेपर्यंत थांबावा, खरीच आपत्ती नसेल तर. कुटुंब म्हणजे कोण, याची व्याख्या सैल ठेवू नये: जोडीदार, मुले, सुना, जावई, भाऊ-बहिणी, भागीदार. आणि नगरसेवकाच्या स्वतःच्या प्रकल्पाची परवानगी त्याच पालिकेच्या अधिकाऱ्याने देऊ नये, शेजारच्या प्राधिकरणाकडे पाठवावी. आपल्याच सभागृहात ज्याच्यावर तो ताशेरे ओढू शकतो, त्याच अभियंत्याकडून त्याने सही घेणे दोघांवरही अन्याय आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की इतके जाच असतील तर चांगले उद्योजक राजकारणात येणार नाहीत. मला उलटे वाटते. आज चांगला उद्योजक येत नाही, कारण त्याला ठाऊक आहे की निवडून आल्या दिवसापासून लोक त्याला ठेकेदारांच्या रांगेत बसवणार. औषधे बनवणारा, यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठवणारा, सॉफ्टवेअर विकणारा, शेतमालावर प्रक्रिया करणारा, ज्यांचा धंदा पालिकेच्या सहीवर अवलंबून नाही, असे कितीतरी लोक आपल्या औद्योगिक वसाहतींत आहेत. नोंदवहीत त्यांना चार ओळी लिहाव्या लागतील आणि ते मोकळे होतील. जाच होईल तो दुसऱ्यांना. बांधकाम व्यावसायिकानेही यावे, त्याला शहर कळते. फक्त त्याने चेंबरलेनसारखा आधी एक निर्णय घ्यावा: या हद्दीत एक तर धंदा करीन, नाही तर कारभार.

कायद्यात दुरुस्ती विधानसभा करील तेव्हा करील. पण नोंदवही सुरू करायला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. कोणत्याही महापालिकेला तसा ठराव करता येतो. ठराव नाही झाला, तरी एकट्या नगरसेवकाला नगरसचिवांकडे, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांकडे, आपल्या आणि कुटुंबाच्या जमिनी, भागीदाऱ्या आणि कंपन्या यांची सही केलेली यादी देता येते, तिची प्रत प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावता येते, आणि दर सहा महिन्यांनी ती बदलता येते. पत्रकावर 'यशस्वी उद्योजक' छापणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे ही यादी प्रचाराच्या काळातच मागावी. तेव्हा तो दारात आलेला असतो आणि त्याला उत्तर द्यावेच लागते.